एकतीस वह्या आणि झाऱ्यांची फळी

चहा घेणार का, या प्रश्नाला आमच्या भाडेकरूने कधी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. सकाळी किती वाजता घेतला होता, काल याच वेळी घेतल्यावर काय झालं होतं, हे सगळं सांगून झालं की म्हणायचा, "तर त्यावरून बघता, द्या अर्धा कप." तोवर चहा निवलेला असायचा. निवलेला प्यायला की त्याचीही नोंद.

सगळे त्याला सर म्हणत म्हणून मीही म्हणायचे. पण माझ्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान, त्यामुळे सर म्हणूनही अरे-तुरे करायचे. इथेही तोच लिहिते. धुळ्यात, देवपुरात आमच्या घराच्या वरच्या खोलीत तो सात वर्षं राहिला. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. मूळचा पहूरचा. लग्न झालं नव्हतं. एकदा मुलगी बघायला गेला, तेव्हा तिला विचारलं की गेल्या महिन्यात तू घरात कोणती वस्तू किती वेळा शोधलीस. ती म्हणाली, "आत्ता दार शोधतेय." हे त्याने स्वतः येऊन सांगितलं, आणि यात हसण्यासारखं काय हे त्याला कळलं नाही.

खाली माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाला, तेराव्याला, जयंतीच्या जेवणाला लागणारी मोठी भांडी भाड्याने देते. नवरा होता तेव्हा दोघं बघायचो. तो गेल्यावर मी आणि हमाल काशिनाथ, तोही साठी उलटलेला. मागे गोदाम, पुढे ओटा. गोदाम लांबट आणि अंधारं आहे. ओट्यावर फार तर दोन कार्यांची भांडी मावतात. लग्नसराईत टेम्पो दारात आल्यावर गोदामातून एकेक भांडं काढत बसलं तर मागे रांग लागते. म्हणून उद्या कोण येणार, काय नेणार, याचा अंदाज आदल्या दिवशी करायचा आणि तेवढीच भांडी ओट्यावर आणून ठेवायची. यात हुशारी काही नाही. कंबर दुखू नये म्हणून केलेली सोय आहे.

राहायला आल्यानंतरच्या पहिल्या सराईत तो जिन्यातून उतरता उतरता थांबला आणि अर्धा तास ओट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, माझ्या पीएचडीचा विषय तुमच्या ओट्यावर आहे."

मी म्हटलं, "कोणतं? पातेलं का परात?"

त्याने मला समजावलं. तो चांगलं समजावायचा, फक्त थांबायचा नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक लहानशी जागा असते, हाताशी. आणि एक मोठी जागा असते, लांबची. मागच्या मोठ्या जागेतून सामान यायला वेळ लागतो आणि तोवर कॉम्प्युटर नुसता बसून राहतो. म्हणून पुढे काय लागेल याचा अंदाज करून ते आधीच हाताशी आणून ठेवायचं. अंदाज करायला मागे कशानंतर काय लागलं याची नोंद लागते. आणि ती नोंदही ठेवायची त्याच लहान जागेत.

"म्हणजे ओट्यावरच," मी म्हटलं.

"ओट्यावरच."

"मग भांडी कुठे ठेवायची?"

तो म्हणाला, "इथेच माझं अडलंय अक्का."

अडलं होतं ते असं. त्याने बनवलेला अंदाज बरोबर यायचा, पण त्याच्या नोंदीच इतक्या, की हाताशी आणायच्या सामानाला जागा उरेना. जळगावला विद्यापीठात त्याचे मार्गदर्शक होते, त्यांनी प्रबंध दोनदा परत पाठवला. वर लिहून दिलं की नोंदी कमी करा. पीएचडी सुरू करून नऊ वर्षं झाली होती. विद्यापीठाने शेवटची मुदत दिली, तिसऱ्या दिवाळीपर्यंत. तोवर पदवी नाही मिळाली तर कॉलेज त्याला ठेवणार नव्हतं. चाळिशी उलटलेला माणूस, शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. पहूरला म्हातारी आई, ती दर आठवड्याला फोनवर एकच विचारायची, "झालं का रे?" आणि हा तिला का झालं नाही ते पहिल्यापासून सांगायचा.

नोंदी कमी करायला त्याने काय केलं, तर आणखी नोंदी सुरू केल्या. म्हणाला, तुमच्या दुकानात हे उघड दिसतं, इथे मी प्रयोग करतो. मी म्हटलं कर, भांड्यांना हात लावू नको. त्याने वह्या आणल्या. कोण आलं, कोणत्या गावचं, आडनाव काय, जात काय, कार्य कोणतं, माणसं किती, त्या दिवशी आभाळ कसं होतं, आलेला माणूस तंबाखू खात होता की नाही. चौदा रकाने. शिवाय कोणत्या भांड्यानंतर कोणतं भांडं मागितलं, ते वेगळ्या वहीत. कोणत्या वहीत काय आहे, त्याची एक वही. दोन वर्षांत एकतीस वह्या झाल्या. वर खोलीत ठेव म्हटलं तर म्हणे, लागतील तेव्हा हाताशी हव्यात. आणि गोदामाच्या दाराशी झाऱ्यांची फळी होती, त्यावर मांडल्या. झारे मी माझ्या खाटेखाली ठेवले. गिऱ्हाईक झारा मागायचं, तेव्हा मी खाटेखाली वाकायचे.

काशिनाथ एकदा फळीकडे बघत म्हणाला, "सर, आते काय वह्यासमा वरण शिजाडानं का?"

सरने तेही लिहून घेतलं. तारीख घालून.

शेवटच्या मुदतीच्या वर्षी, उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने आठ दिवस वाकू नका म्हणून सांगितलं. सराई सुरू होती. सर म्हणाला, "अक्का, तुम्ही आत पडा. काशिनाथभाऊ आणि मी बघतो. माझ्याकडे सगळं आहे." सगळं म्हणजे वह्या. मी हो म्हटलं. ती चूक माझी.

दुसऱ्याच दिवशी आमच्या मागच्या गल्लीतलं लग्न होतं. मुलगी इथली, वऱ्हाड भडगावहून येणार, जेवण वरण-बट्टीचं. मुलीचा मामा सकाळी टेम्पो घेऊन आला. सर आदल्या दिवशीच तयारीला लागला होता. वह्या काढून बघितलं, तर त्या घरात मागे साखरपुडा झालेला, एक बारसं झालेलं, एक तेरावं. कशानंतर काय लागलं होतं, ते सगळं त्याने काढलं. चहाची पिंपं काढली. मांडे भाजायची मातीची खापरं काढली, न जाणो पुरणपोळी निघाली तर. जिलबीची कढई काढली, कारण दीड वर्षापूर्वी त्यांनी ऐन वेळी मागितली होती. ओटा भरला. मग पायऱ्या भरल्या. मग गोदामाच्या दारात उतरंड लागली. आणि वरणाची दोन मोठी पातेली, जी सगळ्यात आधी लागतात, ती राहिली गोदामात, या सगळ्याच्या मागे.

मी आत डोळ्यावर हिरवं फडकं बांधून पडले होते. ऐकू येत होतं.

काशिनाथ म्हणत होता, "बठ्ठा भांडा बाहेर शेत, आन जे पाहिजे ते मांगे शे."

सर म्हणत होता, "एक मिनिट. बाराव्या वहीत बघतो." बारावी वही शोधायला आधी ती यादीची वही लागली. ती पिंपाखाली गेली होती.

मामाने टेम्पो बंद करायला लावला. मग म्हणाला, "सर, लगन आज शे. तुमनी वहीमा कधी शे?"

डॉक्टरने वाकू नका म्हटलं होतं, बोलू नका म्हटलं नव्हतं. मी आतून ओरडले, "काशिनाथ, ओट्यावरचं सगळं रस्त्यावर मांड आणि पातेली काढ." त्याने मांडलं. अर्धी गल्ली भांड्यांनी भरली. एका रिक्षावाल्याने उतरून विचारलं, सेल आहे का. दोन खापरं फुटली. टेम्पो गेला तो उन्हं डोक्यावर आल्यावर. एकची पंगत साडेतीनला बसली. वऱ्हाडाने बोल लावले, आणि ते आम्हाला नाही, मुलीच्या बापाला. त्याची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सरला घेऊन त्यांच्या घरी गेले. वाटेत बजावलं, "आमचं चुकलं, एवढंच म्हण." तो म्हणाला बरं. आत गेल्यावर त्याने अंदाज म्हणजे काय, इथून सुरुवात केली. पाच मिनिटांनी मामा मला म्हणाला, "अक्का, याले घर लई जा."

त्या संध्याकाळी तो मुकाट्याने काशिनाथबरोबर भांडी परत लावत होता. खापराचे तुकडे आत आणताना त्याने गोदामाचं दार पुढे ओढलं. ते दार कायम सताड उघडं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला दारामागची भिंत दिसली.

भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या वीसेक ओळी आहेत. माझ्याच हातच्या. मी चौथी शिकलेली. पाण्याच्या टाकीजवळचे, बट्टी, दोन रेघा. शाळेमागचे, पुरी, एक रेघ. असं.

"हे काय आहे अक्का?"

"उद्या काय काढायचं ते."

"रेघा कसल्या?"

मी सांगितलं. एखाद्याच्या घरी कार्य आलं, त्याने एखादं जेवण केलं, की नाव आणि जेवण लिहायचं, एक रेघ मारायची. पुढच्या खेपेला तेच केलं, तर दुसरी रेघ. दोनाच्या वर मारायच्या नाहीत, जागा जाते. अंदाज खोटा ठरला की एक पुसायची. एक जरी रेघ असली तरी भांडी आदल्या दिवशी ओट्यावर काढायची. रेघ नसली की काढायची नाहीत आणि नावही पुसून टाकायचं.

"आणि भांडी? भांडी कुठे लिहिलीत?"

"बट्टी लिहिलंय ना. बट्टी म्हटलं की मोठी कढई, दोन झारे, परात, वरणाचं पातेलं, वांग्याच्या भाजीचं पातेलं. सगळं एका कोपऱ्यात असतं. परातीनंतर झारा लागतो, हे मी भिंतीला कशाला सांगू?"

तो एका पालथ्या पातेल्यावर बसला. बोटांवर मोजून म्हणाला, "अक्का, माझ्या नऊ वह्या परातीनंतर झारा याच्या आहेत."

मी डोळ्यावरचं फडकं नीट केलं.

"पण पुसून टाकलं आणि ते पुन्हा लागलं तर?"

"पुन्हा लिहायचं. कोळसा संपलाय का?"

"आणि वीसच का?"

"खाली तेलाचे डबे आहेत."

तो उठला, भिंतीला नाक लावून सगळ्या ओळी वाचल्या. सहा वर्षं तो या दारातून येत-जात होता. म्हणाला, "ही भिंत मी प्रबंधात घेऊ का?"

"भिंत घराची आहे. मजकूर ने."

त्यानंतर तो कमी करायला लागला. हे काम त्याला जड गेलं. त्याच्या खोलीत शाळेतल्या पेन्सिलींची टोकं जपून ठेवलेली होती. पण दिवाळी जवळ येत होती. एकेक रकाना काढायचा, अंदाज बिघडतो का बघायचा, असं त्याने सुरू केलं. आभाळाचा काढला. तंबाखूचा काढला. मी एकदा जेवणाचं ताट द्यायला वर गेले, तर कागदावर रकान्यांची यादी होती. मी वाचली.

"जातीचा काढलास का?"

"तो ठेवलाय. अक्का, नोंद म्हणजे नोंद. त्यात चांगलं-वाईट नसतं."

आम्ही बौद्ध. दुकान काढलं तेव्हा निम्मं देवपूर भांडी बघायच्या आधी तोच रकाना बघायचं. आमच्या पातेल्यात त्यांचं वरण शिजत नव्हतं. नंतर आमची भांडी स्वच्छ असतात आणि वेळेवर मिळतात हे दिसल्यावर शिजायला लागलं. हे मी त्याला सांगितलं आणि म्हटलं, "भिंतीवर तो रकाना नाही. भांड्याला लागत नाही."

तो म्हणाला, बघतो.

वीस दिवसांनी खाली आला. "काढला. काही फरक पडला नाही."

"मला माहीत होतं."

"मला मोजावं लागलं," तो म्हणाला. मी मान्य केलं. त्याचं काम मोजण्याचं होतं.

चौदातले दोन रकाने उरले. दिवाळीच्या आधी तीन दिवस प्रबंध गेला. पुढे काही महिन्यांनी जळगावला तोंडी परीक्षा ठरली. म्हणाला, तिथे कुणीही येऊन बसू शकतं, तुम्ही चला. मी विचारलं, माझं काय काम. म्हणाला, "काही नाही. मागे बसा." आईला का नेत नाहीस विचारलं, तर म्हणाला ती मध्येच विचारेल, झालं का रे.

मी भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि गेले.

बाहेरून एक परीक्षक आले होते. मार्गदर्शक होते. बाकी दहा-बारा जण. सगळं इंग्रजीत चाललं होतं, त्यामुळे मला कळत नव्हतं, पण तो पहिल्यापासून सांगतोय एवढं कळत होतं. पडद्यावर एकामागून एक पानं येत होती. मार्गदर्शक आधी घड्याळाकडे बघत होते, मग खिडकीकडे बघायला लागले. तासाभराने परीक्षकांनी हात वर केला आणि मराठीत म्हणाले, "हे बघा, माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या पहिल्या प्रबंधापेक्षा नोंदी इतक्या कमी आहेत, तरी अंदाज टिकतो. कसा? दोन मिनिटांत सांगा. नाही जमलं तर मला वाटेल की हे तुम्हालाच कळलेलं नाही."

दोन मिनिटांत त्याने आयुष्यात कधी काही सांगितलं नव्हतं. त्याने मागे माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. मला येत असलेलं मी आधीच सांगितलं होतं.

मग तो फळ्याकडे गेला. फळ्यावर त्याने सकाळपासून जे लिहिलं होतं, ते सगळं बाहीने पुसलं. दोन रेघा ओढल्या.

"अंदाज खरा ठरला की एक रेघ. दोनाच्या वर नाही. खोटा ठरला की एक पुसायची. एकही उरली नाही की नावच पुसायचं. आणि जे नेहमी एकत्र येतं, त्याला एकच नाव द्यायचं, प्रत्येकाचं वेगळं लिहायचं नाही." आणि बसला.

परीक्षकांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"मग ही दोनशे पानं कशाची?"

तो म्हणाला, "हे मला कळायला किती वेळ लागला, त्याची."

मार्गदर्शकांनी डोक्याला हात लावला. परीक्षक हसले, पाणी प्यायले आणि सही केली.

येताना एसटीत तो खिडकीशी बसला. एरंडोल गेलं. पारोळ्याला गाडी थांबली, तेव्हा मी विचारलं, "चहा घेणार का?"

"हो," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. तोच होता. धुळ्याला उतरेपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा झाला, पण तो एक चहा आम्ही गरम प्यायलो.

पदवी मिळाली, म्हणून कॉलेजने त्याला ठेवलं. आणि पदवी मिळाली, म्हणूनच सहा महिन्यांत पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. आई म्हणाली जा. मीही जा म्हटलं. जाताना त्याने वह्यांचं काय करू विचारलं. मी म्हटलं, फळी रिकामी कर. तो दोन दिवस वह्या चाळत गोदामात बसला होता. मग तीस वह्या स्वतः रद्दीत देऊन आला. एक ठेवली. कोणती ते मी विचारलं नाही. काशिनाथने झारे खाटेखालून काढून फळीवर लावले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येईन म्हणाला. आम्ही पितरांची घागर भरत नाही, पण खापर चढवतो. मांडे आणि रस. आपल्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. पहिल्या वर्षी तो बॅग घेऊन रिक्षातून उतरला, तेव्हा मागच्या गल्लीतला तो मामा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "अक्का, तुमनी पोर उनी." सरने त्याच्या पाया पडून "आमचं चुकलं होतं" म्हटलं. एवढंच. मामाला आधी समजलंच नाही कशाबद्दल.

तो गेल्यावर मी भिंतीवर लिहिलं. वरचे सर, आखाजी, मांडे. एक रेघ मारली. दुसऱ्या वर्षीही आला. दुसरी मारली.

यंदा ताट आधीच काढून ठेवलं होतं. खापर चढवलं, रस काढला. आला नाही. फोनही नाही. त्याचं काम वाढलं असेल, किंवा विसरला असेल. काशिनाथने ते ताट जेवून टाकलं.

संध्याकाळी गोदामाचं दार पुढे ओढून एक रेघ पुसली. एक राहिली. म्हणजे पुढच्या आखाजीला ताट काढावं लागेल.